आईच्या पदरावर मण्यांचा पळस

फेब्रुवारी संपत आला की मूलहून चंद्रपूरला येताना किंवा चामोर्शीहून आष्टीकडे जाताना रस्त्याकडेच्या रानात पळस फुललेला दिसतो. पाने झडून गेलेल्या काळपट फांद्यांवर केशरी फुलांचे झुबके लगडतात आणि काही आठवड्यांतच तो सारा डौल झाडाखालच्या धुळीत उतरतो. होळीचा रंग करण्यासाठी ही फुले वेचली जातात. मात्र ओंजळभर फुले घरी आणून पाण्यात ठेवावीत म्हटले, तर ती लवकरच माना टाकतात. या अल्पायुषी फुलाला टिकाऊ रूप देण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे काचमण्यांतून ते घडवणे. मूठभर मणी, चार मीटर बारीक तार आणि एक पिन एवढ्या सामग्रीतून पळसाचे एक फूल आणि त्याची तीन पाने असलेले ब्रोच तयार होते. शिकाऊ हाताला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. आईच्या किंवा वडिलांच्या हाती ठेवण्याजोगी ही भेट कशी करावी आणि ती करताना कोणत्या गोष्टींचे भान ठेवावे, याची ही माहिती.

मणी नेहमी वरून खाली येतो

मराठी घरात मण्याला केवळ शोभेची वस्तू म्हणून जागा नाही. प्रत्येक मणी कुणीतरी कुणालातरी घातलेला असतो. बाळ जन्माला आले की आजी त्याच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधते, गळ्यात दृष्टमणी घालते. लग्नात नवरीच्या गळ्यात काळी पोत येते. पोळ्याच्या दिवशी शेतकरी आपल्या बैलांना न्हाऊ घालतो, शिंगांना बेगड लावतो आणि गळ्यात कवड्यांच्या, मण्यांच्या माळा घालतो. भामरागड-एटापल्लीच्या भागात माडिया स्त्रियांच्या गळ्यात रंगीबेरंगी मण्यांच्या माळांचे पदरावर पदर दिसतात. त्यांत हौस असते तशीच घरची आणि गावची ओळखही असते.

या साऱ्या देण्याघेण्याकडे पाहिले, की एक गोष्ट लक्षात येते. मणी बहुधा मोठ्यांकडून लहानांकडे येतो. आजी नातवाला घालते, सासर सुनेला घालते, धनी बैलाला घालतो. मुलांच्या हातून आईवडिलांकडे जाणारा मणी मात्र क्वचितच दिसतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्यात माळा घालणाऱ्या हातांना स्वतःसाठी कुणी काही ओवून दिल्याचा अनुभव नसतो. मुलांनी स्वतः घडवलेल्या ब्रोचचे मोल या ठिकाणी आहे. त्यात सोने नाही, पण उलट्या वाटेने आलेला तो पहिला मणी असू शकतो.

ही भेट कधी द्यावी, यासाठी दिनदर्शिका फार शोधावी लागत नाही. मे महिन्यातील दुसऱ्या रविवारी साजरा होणारा मदर्स डे आता शहरांतून रुळला आहे. त्या दिवसाच्या प्रथेतही छातीवर लावायचे फूल आहेच. अमेरिकेतील ग्राफ्टन या गावी १९०८ साली आईच्या स्मरणार्थ झालेल्या प्रार्थनासभेसाठी ॲना जार्विस यांनी ५०० पांढरी कार्नेशनची फुले पाठवली होती. १९१४ मध्ये या दिवसाला तेथे राष्ट्रीय मान्यता मिळाली. पुढे फुलांचा आणि छापील शुभेच्छापत्रांचा बाजार इतका वाढला, की त्याच जार्विस बाई या बाजाराच्या कट्टर विरोधक बनल्या. विकत आणलेल्या भेटीपेक्षा स्वतः दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या, असा त्यांचा आग्रह होता.

विदर्भातील घरांना मात्र आपला स्वतःचा मातृदिन आहे. श्रावणातील पिठोरी अमावास्या हा महाराष्ट्रात मातृदिन मानला जातो. त्या संध्याकाळी आई पूजा आटोपून नैवेद्याचे वाण डोक्यावर धरते, मागे न पाहता अतिथी कोण म्हणून विचारते आणि मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगून ते वाण घेते. त्याच दिवशी पोळाही असतो. दारात बैल मण्यांच्या माळा घालून उभे, आत आई मुलांना वाण देते आहे, अशा दिवशी मुलानेही आईच्या पदराला एक फूल लावावे, हे किती स्वाभाविक आहे! पळस फुलतो वसंतात, तर पोळा येतो पावसाळ्यात. मण्यांच्या फुलाला हंगामाचे बंधन नाही.

विदर्भ आणि मणी

मण्यांचे आणि विदर्भाचे नाते जुने आहे. नागपूरपासून जवळच असलेल्या माहुरझरी या गावी झालेल्या उत्खननांत प्राचीन काळी तेथे दगडी मणी घडवले जात असल्याचे पुरावे मिळाले. अकीक, स्फटिक अशा कठीण दगडांचे पूर्ण झालेले मणी आणि घडवता घडवता अर्धवट राहिलेले मणीही तेथे सापडले. कठीण दगडाला सुईएवढे छिद्र पाडणारे कारागीर या मातीत नांदत होते, याची ती साक्ष आहे.

आज बाजारात मिळणारे बारीक मणी दगडाचे नसून काचेचे असतात. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढली जाते, ती थंड झाल्यावर तिचे बारीक तुकडे केले जातात आणि ते पुन्हा तापवून घोळवले की त्यांच्या धारदार कडा गोल होतात. उत्तर प्रदेशातील पुरदिलनगर आणि वाराणसी ही काचमण्यांची मोठी केंद्रे आहेत. तेथून आणि परदेशांतून आलेला माल व्यापाऱ्यांमार्फत आठवडी बाजारांत पोहोचतो. चैत्रात चंद्रपूरला भरणाऱ्या महाकालीच्या यात्रेत किंवा महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत बांगड्या, माळा आणि मणी यांची दुकाने हमखास थाटलेली असतात. मणी दूरचा असला, तरी त्याला दिला जाणारा आकार इथल्या हाताचा आणि इथल्या रानाचा असू शकतो. गुलाबाऐवजी पळस निवडण्याचे कारण तेच.

मणी पारखून घ्यावेत

या ब्रोचसाठी सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे गोल काचमणी लागतात. दुकानदार त्यांना अकरा नंबरचे मणी म्हणतात. एकूण २२४ मणी पुरतात: केशरी १०४, हिरवे ९६ आणि गडद तपकिरी २४. फुटके आणि वेडेवाकडे मणी बाजूला काढावे लागत असल्याने प्रत्येक रंगाचे थोडे अधिक घ्यावेत.

खरेदी करताना रंगाची परीक्षा महत्त्वाची असते. काही मण्यांत काचच रंगीत असते, तर काहींवर रंगाचा केवळ लेप असतो. लेपाचा रंग घामाने, साबणाने उतरतो आणि आईच्या आवडत्या साडीवर केशरी डाग पडतो. चार मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात घेऊन साबण लावून चोळावेत. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात भिजवलेल्या कापसानेही तपासता येते. फडक्याला किंवा कापसाला रंग लागला तर ते मणी घेऊ नयेत. मण्याच्या छिद्रातून तार दोन वेळा जायला हवी, म्हणून ज्यांची छिद्रे बुजलेली किंवा फार बारीक आहेत असे मणीही नाकारावेत.

रानातील बियांचा मोह अनेकांना पडतो. लालभडक, काळा ठिपका असलेली गुंज दिसायला मण्यासारखीच. सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या ती वजनासाठी वापरली. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, असा जुना हिशेब होता. पण ब्रोचसाठी, विशेषतः मुलांच्या हाती, गुंज कदापि देऊ नये. तिच्या आत ॲब्रिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. कठीण कवच अखंड असेतोवर ते आत कोंडलेले राहते. ओवण्यासाठी बीला छिद्र पाडले किंवा मुलाने ती चावली, की ते संरक्षण संपते. छिद्र पाडताना उडणारी पूडही घातक असते. एखाद्या मुलाने गुंज चावून गिळल्याचा संशय आला, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. काचमणी विषारी नसतात, परंतु रांगणाऱ्या भावंडांच्या घशात ते अडकू शकतात. म्हणून काम ताटात करावे आणि उठताना ताट उंचावर ठेवावे.

इतर साहित्य

तार तांब्याची आणि सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची असावी. शोभेच्या वस्तूंच्या दुकानात ती मिळाली नाही, तर मोटारी आणि पंखे रिवाइंडिंग करणाऱ्याकडे हमखास मिळते. या तारेवर रोगणाचा पातळ लेप असतो. त्यामुळे तांबे सहसा हिरवे पडत नाही. चार मीटर तार पुरेशी होते. तिचे तुकडे असे करावेत: पताका, होडी आणि तीन पाने यांसाठी प्रत्येकी ४० सेंटिमीटरचे पाच, दोन पंखांसाठी ३० सेंटिमीटरचे दोन, फुलाच्या बुडख्यासाठी २० सेंटिमीटरचा एक आणि पिन बांधण्यासाठी ४० सेंटिमीटरचा एक.

याशिवाय तीन सेंटिमीटर लांबीची, पट्टीवर छिद्रे असलेली ब्रोचची पिन, निमुळत्या तोंडाची छोटी पक्कड, कात्री, एक पेन्सिल आणि भरतकामाचा हिरवा दोरा लागतो. पिन गंज न धरणाऱ्या पोलादाची किंवा पितळेची निवडावी. पावसाळ्यात साध्या लोखंडी पिनेचा गंज कापडात उतरतो आणि तो डाग सहजी निघत नाही.

चिकटवण्यासाठी गरम करून वापरायच्या गोंदाची कांडी अनेकजण वापरतात. या दोन जिल्ह्यांत तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अतितप्त उन्हाळ्यांत मोडतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली तापमान आणखी चढते. अशा उष्णतेत हा गोंद मऊ पडतो आणि ऐन लग्नसराईत फूल पिनेपासून सुटते. तारेने बांधलेल्या आणि दोऱ्याने गुंडाळलेल्या ब्रोचला ही भीती नसते.

पाकळी ओवण्याची रीत

पळसाच्या फुलाला पाच पाकळ्या असतात. मागे उभी राहणारी एक मोठी पाकळी म्हणजे पताका. दोन बाजूंना दोन पंख. पुढे दोन पाकळ्या एकमेकींना जुळून वाकडी होडी तयार होते. ही होडी पोपटाच्या चोचीसारखी दिसते. म्हणूनच संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नव्हे?’ अशा अर्थाने. मण्यांच्या फुलात या जुळलेल्या पाकळ्यांची एकच होडी करायची, म्हणजे एकूण चार भाग झाले.

सर्व भागांची रीत एकच आहे. मण्यांच्या आडव्या ओळी एकीखाली एक बसतात आणि प्रत्येक ओळीतून तारेची दोन्ही टोके समोरासमोरून जातात. पताकेपासून सुरुवात करावी. तारेत पहिल्या दोन ओळींचे, म्हणजे १ आणि २ असे ३ मणी एकदम ओवून ते मध्यावर आणावेत. मग पहिल्या मण्याच्या बाजूचे टोक वळवून शेवटच्या मण्याकडून आत घालावे आणि नंतरच्या दोन मण्यांतून उलट दिशेने बाहेर काढावे. दोन्ही टोके सावकाश ओढली, की वर एक मणी आणि त्याखाली दोन, असा लहानसा त्रिकोण बनतो. तिसऱ्या ओळीसाठी एका टोकात ३ मणी ओवावेत आणि दुसरे टोक त्याच तीन मण्यांतून समोरून घालून दोन्ही ओढावीत. याच पद्धतीने पुढे जायचे.

ओळींचा हिशेब पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रत्येक भागाची सुरुवात टोकाकडून होते आणि शेवट देठाकडे.

पताका, केशरी: १, २, ३, ४, ४, ५, ५, ४, ४, ३, २, १. एकूण ३८ मणी.

पंख, केशरी, दोन नग: १, २, २, ३, ३, ३, २, २, १. प्रत्येकी १९ मणी.

होडी, केशरी: १, २, २, ३, ३, ४, ४, ३, ३, २, १. एकूण २८ मणी.

मधले पान, हिरवे: २, ४, ५, ६, ६, ५, ४, ३, २, १. एकूण ३८ मणी.

बाजूची पाने, हिरवी, दोन नग: २, ३, ४, ५, ५, ४, ३, २, १. प्रत्येकी २९ मणी.

पानांची पहिली ओळ २ मण्यांची असल्याने मधल्या पानासाठी सुरुवातीला २ आणि ४ असे ६ मणी ओवून टोक शेवटच्या ४ मण्यांतून परत आणावे. बाजूच्या पानांसाठी २ आणि ३ असे ५ ओवून शेवटच्या ३ मण्यांतून आणावे. पळसाचे पान टोकाकडे बोथट असते, म्हणून ही सुरुवात एका मण्याने करायची नाही.

नवशिक्या हातांची चूक ठरलेली असते. ओळ ओढताना तारेला गाठीसारखा पीळ पडतो आणि घाईने ओढले की तार तेथेच तुटते. पीळ दिसताच थांबावे, तो बोटांनी उलगडावा आणि मगच ओढावे. प्रत्येक ओळ घट्ट बसल्याखेरीज पुढची सुरू करू नये. मागे राहिलेली सैल ओळ नंतर दुरुस्त होत नाही. भाग पूर्ण झाल्यावर शेवटच्या मण्याखाली दोन्ही टोकांना तीन-चार पीळच द्यावेत. जास्त पिळल्यास तांबे कडक होऊन मोडते.

फूल आणि पाने जुळवताना

सपाट ओवलेल्या भागांना आता बाक द्यायचा. होडी पेन्सिलीवर उभी ठेवून दोन्ही कडा हलकेच दाबाव्यात, म्हणजे ती पन्हाळीसारखी होते. मग तिचे टोक वर वळवावे, म्हणजे पोपटाची चोच दिसू लागते. पंखांना किंचित आतला बाक द्यावा. पताका मात्र मागे कलती करावी. हा मागे झुकलेला बाक नसेल, तर फूल पळसाचे न वाटता साध्या वेलीचे वाटते.

होडी पुढे, पंख दोन बाजूंना आणि पताका मागे, असे चारही भाग बुडाशी एकत्र धरून त्यांच्या तारा एकदोन वेळा पिळाव्यात. २० सेंटिमीटरच्या तुकड्यात २४ तपकिरी मणी ओवून त्याचे एक टोक देठाला दोन वेढे देऊन अडकवावे आणि मण्यांची ही माळ फुलाच्या बुडाशी तीन वेळा गुंडाळावी. दुसरे टोकही देठात अडकवावे. पळसाच्या फुलाखाली जो मखमली, गडद करंडा असतो, तो अशा रीतीने तयार होतो.

पाने जोडताना मधल्या पानाचा देठ इतर दोघांपेक्षा लांब ठेवावा. झाडावरही तो तसाच असतो. तिघांच्या तारा एकत्र पिळून ती जुडी फुलाच्या देठाला बुडख्याखाली एक सेंटिमीटरवर जोडावी. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण कुठेही गेले तरी परिस्थिती सारखीच, या अर्थाने वापरली जाते. इथे ती मोजमापाची खूण म्हणून उपयोगी पडते. रानात मात्र फूल आणि पान यांची सहसा गाठ पडत नाही. फूल येते तेव्हा पाने झडलेली असतात. जे झाड एका वेळी दाखवत नाही, ते ब्रोचवर एकत्र आणता येते.

पिन बसवण्यावर सारे अवलंबून

ब्रोच सुंदर दिसूनही वापरले जात नाही, याचे कारण बहुतेक वेळा पिनेत असते. एकत्र झालेला देठ तीन सेंटिमीटरवर कापून तारांची टोके मागे दुमडावीत. पिनेची पट्टी देठाला समांतर ठेवून तिचे वरचे टोक फुलाच्या बुडख्याला भिडवावे. पिन खाली सरकली, तर फुलाचा भार पुढे येतो आणि ब्रोच पदरावर मान टाकल्यासारखे लोंबते. उरलेली ४० सेंटिमीटर तार पट्टीच्या छिद्रांतून घेत देठाभोवती घट्ट गुंडाळावी. त्यावर हिरव्या दोऱ्याचे दाट वेढे द्यावेत आणि शेवटी सुईने दोन टाके घालून गाठ मारावी. तारेचे एकही टोक बाहेर राहता कामा नये. खात्रीसाठी जुना नायलॉनचा मोजा हातात चढवून त्यावरून ब्रोच सर्व बाजूंनी फिरवावे. धागा जिथे अडकेल, तिथे टोक उघडे आहे असे समजावे.

तयार ब्रोचचे वजन अर्ध्या तोळ्याच्या आसपास भरते. मणी स्वतः सुमारे दोनच ग्रॅम असतात, बाकी भार तारेचा आणि पिनेचा. इतके हलके फूल सुती साडीचा पदर सहज पेलतो. आरमोरी परिसरातील टसर म्हणजे कोसा असेल, तर थोडी काळजी हवी. कोशाचा धागा एकदा सरकला की तिथे फट दिसते. अशा वेळी पदराच्या तीन-चार निऱ्या एकत्र घेऊन त्यांतून पिन घालावी, किंवा मागच्या बाजूला सुती कापडाचा छोटा तुकडा धरावा. भार त्या तुकड्यावर येतो, कोशावर येत नाही.

ज्याच्यासाठी, त्याच्याप्रमाणे

हाताने केलेल्या वस्तूची दुकानातील वस्तूशी तुलना सफाईत करू नये. तिथे यंत्र नेहमीच जिंकेल. हाताच्या वस्तूची ताकद अशी, की ती एकाच माणसासाठी बनवता येते. आईची बोटे सांधेदुखीने आखडली असतील, तर बारीक आकड्याची पिन तिला उघडता येणार नाही. तिथे जाड कडीची मोठी सेफ्टी पिन बांधावी. तिची नजर कमी झाली असेल, तर उघडण्याच्या बाजूला दोऱ्याचा एक उंच वेढा द्यावा, म्हणजे बोटांनाच ते ठिकाण कळते. ती रोवणीला किंवा तेंदूपाने तोडायला जाणारी असेल, तर रोजच्या लुगड्यासाठी नव्हे, सणाच्या साडीसाठी हे फूल आहे हे ओळखून रंग त्या साडीला जुळवावा. हे सारे ठरवण्यासाठी मुलाला आईकडे चार दिवस नीट पाहावे लागते. भेटीचा अर्धा भाग त्या पाहण्यातच पूर्ण होतो.

वडिलांना काय द्यावे, हा प्रश्न बहुतेक घरांत अनुत्तरित राहतो आणि शेवटी रुमालावर निभावले जाते. पानांशिवाय फक्त एक फूल केले, तर १२८ मण्यांत ते होते. लग्नकार्यात जाकिटाच्या खिशावर ते शोभून दिसते. पुरुषाने फूल लावावे का, हा संकोच पळसाच्या बाबतीत टिकत नाही. होळीत त्याच फुलांच्या रंगाने सारे गाव रंगते.

आणखी एका घराचा विचार अवश्य व्हावा. वडील गेल्यानंतर आईच्या गळ्यातील पोत उतरवली जाते, बांगड्या जातात आणि त्यासोबत रंग, फूल, हौस हेही हळूहळू तिच्या आयुष्यातून बाजूला होते. या प्रथांविरुद्ध कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला आणि राज्य शासनानेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठराव गावाचे असतात, धाडस मात्र प्रत्येक घरात वेगळे करावे लागते. पोत सौभाग्याची, कुंकू सौभाग्याचे. परंतु मुलाने ओवलेले मण्यांचे फूल कोणत्याही अलंकाराच्या त्या यादीत नाही. ते पतीच्या असण्या-नसण्याशी बांधलेले नाही, आई असण्याशी बांधलेले आहे. पहिल्या वेळी ती ते हातात घेऊन पेटीत ठेवील. आग्रह करू नये. पुढच्या कार्याला निघताना मुलीने किंवा मुलाने ते स्वतः पदराला लावून द्यावे. इतरांनी काही विचारले, तर उत्तर सोपे असते: पोरांनी केले आहे.

ठेवण्यासाठी डबी

ब्रोच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यास दमट हवेत पिन लवकर खराब होते. बांबूच्या पेराची छोटी डबी यासाठी उत्तम. एका बाजूला गाठ ठेवून पेर कापले, आतून घासले आणि त्यात कापूस घातला की काम झाले. बुरडाकडून ती करून घेता येते. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूकामाचे प्रशिक्षण देणारे केंद्र असल्याने या भागात बांबूच्या कलावस्तूंची जाणही वाढली आहे. डबीत चार-पाच मणी आणि वीतभर तार जास्तीची ठेवावी. कधी एखादा मणी फुटला, तर दुरुस्ती घरीच होते.

पळसाचे खरे फूल दरवर्षी नव्याने येते, त्याला कुणाच्या श्रमाची गरज नसते. मण्यांचे फूल एकदाच येते आणि त्यासाठी कुणीतरी २२४ वेळा बोटांत मणी धरलेला असतो. आईने आयुष्यभर किती घास भरवले, किती टाके घातले, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. हा छोटा हिशेब मात्र तिच्या हातावर ठेवता येतो. त्यासाठी पोळ्याच्या बाजारात बैलांच्या माळा घेताना तीन रंगांच्या मण्यांच्या तीन पुड्या जास्तीच्या बांधून घ्याव्यात, इतकेच.